पाण्याकाठचं घर आणि अवघड वाट: सामान हलवायला कोणाला बोलवावं?

पाण्याकाठच्या घरासाठी तीन पॅकर्स-मूव्हर्सकडून दर मागवले की तीन आकडे येतात आणि त्यांची तुलनाच करता येत नाही. एकाने ट्रक दारात उभा राहील असं धरलेलं असतं. दुसऱ्याने छोट्या टेम्पोच्या फेऱ्या धरलेल्या असतात. तिसऱ्याने काहीच धरलेलं नसतं. तो त्या दिवशी वाट बघणार आणि तिथेच भाव वाढवून मागणार. त्यामुळे कंपनी निवडण्याआधी वाट निवडावी. शेवटचे शंभर-दोनशे मीटर सामान कसं जाणार हे ठरलं की तिघांकडून त्याच कामाचा दर मागता येतो.

मोजायच्या गोष्टी चार आहेत, पण त्या टेपने मोजाव्यात, पावलांनी नाही. ट्रक उभा राहू शकतो तिथपासून दारापर्यंतचं अंतर. त्या वाटेवरची सगळ्यात अरुंद जागा, फाटकाची कडी आणि कठड्याचे खांब धरून. पायऱ्यांची संख्या आणि वळणावरच्या चौथऱ्याचं माप. आणि डोक्यावरची सगळ्यात खाली लोंबणारी तार किंवा फांदी. मोठा बंद ट्रक सुमारे अडीच मीटर रुंद आणि साडेतीन ते चार मीटर उंच असतो, छोटा टेम्पो दीड-पावणेदोन मीटर रुंद. दोन्ही बाजूंना किमान 30 सेंटीमीटर मोकळे हवेत, नाहीतर आरसे आणि कुंपण यांपैकी एक जातं. वाट भरतीला आणि ओहोटीला वेगळी दिसत असेल तर दोन्ही वेळचे फोटो काढावेत. एकाच वेळचा फोटो पाठवला की दर चुकतो, आणि तो नेहमी तुमच्याच अंगावर चुकतो.

हातावर नेणं की छोट्या टेम्पोच्या फेऱ्या?

हातावर नेण्याचा हिशेब सरळ आहे. दोन बेडरूमच्या घरात साधारण 90 खोकी आणि 30 मोठे नग धरू. सपाट, पक्क्या वाटेवर शंभर मीटर जाऊन यायला, उचलणं-ठेवणं धरून, माणसाला पाच मिनिटं लागतात. चार हमाल असतील तर खोकी दोन तासांत संपतात. मोठे नग जोडीने न्यायचे, म्हणजे प्रत्येक जोडीच्या पंधरा फेऱ्या, आठ-आठ मिनिटांच्या. आणखी दोन तास. विसावा धरून पाच तास. हेच अंतर अडीचशे मीटर झालं की काम साडेसात तासांवर जातं, शिवाय विसावा वेगळा. दुपारनंतर माणसं थकतात, आणि वस्तू फुटतात त्या शेवटच्या दोन तासांत. शंभरपर्यंत हातावर ठीक, अडीचशेला नाही. मधल्या अंतरात पायऱ्या आणि उन्हाची वेळ बघून ठरवावं.

वाट पक्की असेल तर ट्रॉली हे गणित बदलते. चार-चार खोकी रचून दोन ट्रॉल्या चालवल्या तर तीच 90 खोकी दोन माणसं सव्वा तासात पोचवतात. पण वाळूत ट्रॉलीची छोटी चाकं रुततात. त्यावर 18 मिलिमीटरचं प्लायवूड अंथरतात. 2.4 बाय 1.2 मीटरचे 21 तक्ते उभे अर्धे कापले की 60 सेंटीमीटर रुंदीची सुमारे शंभर मीटर वाट होते. एवढे तक्ते कोणी घेऊन येत नाही. सहा-आठ आणतात आणि मागचे उचलून पुढे टाकत राहतात, त्यात एक माणूस अडकतो. दर देणाऱ्याला "वाळूवर काय टाकणार?" असं विचारावं. रुंद, हवेच्या टायरची गाडी असं उत्तर आलं तर त्याला कामाची माहिती आहे. "बघू तिथे" असं उत्तर आलं तरी माहिती मिळालीच.

छोट्या टेम्पोचं वेगळं आहे. या घराचं सामान 25 ते 30 घनमीटर भरतं, टेम्पोत सहा-सात मावतात, म्हणजे चार-पाच फेऱ्या. दर एक टेम्पोचा आहे की दोनचा, हे विचारायला बहुतेक जण विसरतात. एकच टेम्पो असेल तर तो भरत असताना घराकडची माणसं बसून राहतात आणि रिकामा होत असताना ट्रकपाशची; तासावर मजुरी असेल तर त्या बसण्याचे पैसे तुम्ही देता. दोन टेम्पो असले की दोन्ही टोकं चालू राहतात. ट्रक आणि टेम्पो पाठीला पाठ लावून उभे राहतील एवढी सरळ जागाही लागते. ती नसेल तर प्रत्येक वस्तू आधी जमिनीवर येते आणि परत चढते.

सामान सहसा प्रवासात फुटत नाही, हात बदलताना फुटतं. ट्रक दारात आला तर वस्तू दोनदा हाताळली जाते, टेम्पो आला की तीनदा, होडी आली की चार-पाचदा. त्यामुळे रस्ता कितीही वाकडा असला तरी तो असेल तर पाण्याच्या वाटेने जाऊ नये असं आमचं मत आहे. अपवाद दोनच: रस्ताच नसणं, किंवा पायऱ्यांवरून नेताच येणार नाही अशी एखादी अवजड वस्तू असणं.

पाण्यावरून न्यायचंच झालं तर

इथे माणसांपेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोठं. भरती ते ओहोटी साधारण सहा तास, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बारा भाग केले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग उतरतात. उतार तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात 25 सेंटीमीटर, दुसऱ्यात 50, तिसऱ्यात तब्बल 75. पक्क्या धक्क्याला होडी लावून सामान उतरवायचं तर होडीचा काठ आणि धक्का जवळपास एका पातळीत हवेत. तशी वेळ धक्क्याच्या उंचीवर ठरते. तो भरतीच्या पाण्याशी जुळवून बांधलेला असेल, तर ती माथ्याच्या आधी दीड आणि नंतर दीड अशी तीन तास मिळते. हातोहात साखळी केली तर 90 खोकी अर्ध्या तासात उतरतात, 30 मोठ्या नगांना दीड तास. म्हणजे एक खेप बसते, दुसरी बसत नाही. "दोन खेपांत करू" असं सांगणाऱ्याला दुसरी खेप घड्याळात कुठे बसवणार हे विचारावं.

तरंगता धक्का असेल तर होडीची पातळी बदलत नाही, पण किनाऱ्याशी जोडणारी फळी तिरकी होते. दहा मीटरची फळी एक मीटर उतरली तर चढ दहाला एक, ट्रॉली चालते. तीच ओहोटीला तीन मीटर उतरली की सतरा-अठरा अंशांचा चढ होतो आणि त्यावर फ्रिज घेऊन कोणी चढू नये. म्हणजे इथेही भरतीच हवी, फक्त कारण वेगळं.

सपाट तळाचं बार्ज (सामान वाहणारी रुंद होडी) वाळूवर लावून पुढची फळी टाकणं सगळ्यात सोयीचं दिसतं. ते पाणी चढत असताना लावतात, म्हणजे टेकलं तरी थोड्या वेळात सुटतं. पाणी उतरताना लावलं की पाणी परत तेवढं चढेपर्यंत, म्हणजे कधी जवळपास बारा तासही, तिथेच. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, अगदी माथ्यावर लावलं तर पुढच्या उधाणापर्यंत, पंधरवडाभर, अडकू शकतं. बार्जवाल्याला हे ठाऊक असतं. ट्रकवाल्या कंपनीने आयत्या वेळी ठरवलेल्या होडीवाल्याला असेलच असं नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पायऱ्यांवर आणि उतारावर शेवाळ असतं, तेव्हा तिथून ओझं न्यायची वेळच येऊ नये. आलीच तर जाड वाळू किंवा ओलं गोणपाट टाकावं.

धक्का किती वजन पेलतो हेही बघावं लागतं. घरगुती लाकडी धक्के बहुधा चौरस मीटरला 200 ते 250 किलोच्या भाराला बांधलेले असतात, तरंगते त्याहून कमी. उभा पियानो 200 ते 250 किलोचा, वर चार माणसं, म्हणजे दोन चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास. खाली फळ्या आडव्या टाकून भार पसरवल्याशिवाय तो धक्क्यावर आणू देऊ नये. पाण्यावरच्या फळीवर हमालांनी खांद्याचे पट्टे अडकवून ओझं नेऊ नये. तोल गेला तर ओझं सोडता यायला हवं.

होडीसाठी पुठ्ठ्याची खोकी घेऊ नयेत, झाकणाची प्लास्टिकची क्रेट घ्यावीत. भिजलेला पुठ्ठा तळाशी आधी फाटतो. लाकडी सामानाला आधी कापडी गादी, वर प्लास्टिक, आणि पोचताच प्लास्टिक काढणं. तसंच ठेवलं तर आत घाम धरतो आणि पॉलिशवर पांढरे डाग येतात. कपाटाच्या बिजागऱ्या, सायकल, शिलाई मशीन यांवर खारं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करावं, त्याच दिवशी.

गाडीवरून, इमारतीच्या बाहेरून खिडकी-बाल्कनीपर्यंत सामान चढवणाऱ्या लिफ्टबद्दल थोडक्यात: जिने अरुंद असतील तर दोन-चार मोठ्या वस्तूंसाठी उत्तम, सगळ्या घरासाठी उगाच महाग. समुद्र दिसणारी बाल्कनी नेमकी तिच्या कामाची नसते, कारण खाली गाडी उभी करायला जमीनच नसते. बांधाच्या भिंतीलगत तिचे पाय टेकवू देऊ नयेत; भिंत जितकी खोल तितकं तरी अंतर सोडावं, भराव मऊ असेल तर जास्त. धूळ आणि कागद उडू लागतील एवढा वारा (ताशी वीसेक किलोमीटर) सुटला की गादी आणि कपाटाचं दार शिडासारखं ओढतं. काम कधी थांबवायचं हे आधी ठरवावं, वर वस्तू लोंबकळत असताना नाही.

मग बोलवायचं कोणाला?

मोठी कंपनी चांगलं पॅकिंग करते, नगवार यादी देते, नुकसानीची भरपाई कागदावर देते. अवघड वाट मात्र बहुतेकदा ती दुसऱ्याला देते, आणि "आमच्या ट्रकमधून नीट उतरलं होतं" हे वाक्य तिथे जन्माला येतं. त्याच भागातली हमालांची टोळी वाट, वारा, शेजाऱ्याचं फाटक सगळं जाणते, पण पॅकिंग यथातथा आणि फुटलं तर हात वर. फक्त बार्ज चालवणारा पाण्यापुरता भरवशाचा. घरात सोफा वळवणं हे त्याचं काम नाही.

रस्ता असेल आणि शेवटचा टप्पा शंभर मीटरच्या आत असेल, तर सामान कमी असताना स्थानिक टोळी आणि स्वतः केलेलं पॅकिंग पुरतं. सामान महाग किंवा नाजूक असेल तर मोठी कंपनी, पण शेवटचा टप्पाही तिच्याच करारात हवा आणि प्रत्येक हस्तांतराला तीच यादी तपासून सही व्हायला हवी. पाणी ओलांडायचंच असेल तर बार्जवाल्याला आधी ठरवावं, त्याची तारीख घ्यावी आणि मग त्या तारखेला मोकळी असलेली कंपनी शोधावी. उलट केलं तर ट्रक येतो आणि पाणी नसतं.

विम्याचा कागद शब्दशः वाचावा. पुष्कळ विमे रस्त्यावरच्या वाहतुकीपुरते असतात आणि होडीत चढवताना-उतरवताना झालेलं नुकसान त्यात येत नाही. भरपाई वजनावर आहे की सांगितलेल्या किमतीवर, हेही बघावं. किलोवर मोजली तर टीव्हीची भरपाई पुस्तकांच्या खोक्याएवढीच निघते.

दर ठोक घ्यावा की तासावर? हातावर न्यायचं असेल तर ठोक, म्हणजे वाट त्यांनी बघून ठरवलेली असते. होडी असेल तर ठोक दर आणि थांबण्याचा वेगळा तासाचा दर असे दोन्ही लिहून घ्यावेत, कारण पाण्याची वाट बघावी लागली तर चार माणसं बसून राहणारच.

हवामानाने काम रद्द झालं तर पुढची तारीख कशी धरायची हेही आधीच लिहावं. "पुढच्या शनिवारी याच वेळेला" असं सहज बोललं जातं. पण भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तास. जिथे दिवसाला दोन भरत्या येतात तिथे आज सकाळी नऊला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी नऊला जवळपास ओहोटी असते. तारीख एक-दोन दिवसांतली घ्यावी आणि वेळ तितकी पुढे ढकलावी, किंवा थेट पंधरा दिवसांनंतरची घ्यावी; तेव्हा भरती जवळपास त्याच वेळेला येते, आणि पाणीही साधारण तेवढंच चढतं.