डोकुविकीत साडेसहा हजार फायली: नऊ महिने वापरल्यावर

आमची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. आमच्याकडचे कागद म्हणजे पॅटर्नची (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याची) ड्रॉइंग, हीटवार, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळवणीचे तपासणी अहवाल, भट्टी आणि कॉम्प्रेसरची मॅन्युअल, रिजेक्ट कास्टिंगचे फोटो आणि पाळीवरच्या लोकांसाठी मराठीत लिहिलेल्या कामाच्या सूचना. बारा वर्षं हे सगळं एका शेअर्ड फोल्डरमध्ये साठत गेलं. एकाच ड्रॉइंगच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरंच’ अशा तीन फायली निघायच्या. ग्राहकाचं ऑडिट आलं की मोल्डिंगचे सुपरवायझर हमखास म्हणायचे, “सायेब, फाइल घावंना झालीया.”

पैसे घेणारे ऑनलाइन प्लॅटफॉर्म पाहिले. तिथे बहुधा माणशी दरमहा हिशोब असतो. आमच्याकडे लिहिणारे तिघं आणि बहुतेक करून वाचणारे तीसेक, त्यामुळे ते गणित जमेना. शेवटी एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून डोकुविकी बसवलं. आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं हे विकीचं, म्हणजे ब्राउझरमधूनच लिहायच्या-वाचायच्या पानांचं, मुक्त सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं आणि याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल आणि प्रत्येक जोडपत्र डिस्कवरच्या मीडिया फोल्डरमधली साधी फाइल. मी हे निवडलं ते याचसाठी, आणि पुढे आपटलो तेही याच्याचमुळे.

फायली आत नेण्याचं काम वाटलं होतं त्याहून सोपं निघालं. ब्राउझरमधून एकदम अनेक फायली निवडून चढवता येतात, पण आधी पीएचपीची अपलोड मर्यादा वाढवून घ्या. ती मुळात २ एमबी असते आणि आमचं एकेक स्कॅन त्याहून जड. ड्रॉइंगच्या डीडब्ल्यूजी फायली मुळातल्या परवानगीच्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी माइम प्रकारांच्या (कोणत्या प्रकारच्या फायली चालतील त्या यादीच्या) लोकल फाइलमध्ये एक ओळ घातली की झालं. पण हजारांनी फायली असतील तर ब्राउझरच्या वाटेला जाऊच नका. विनएससीपीने, म्हणजे विंडोजवरून दुसऱ्या संगणकावर फायली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने, मीडिया फोल्डरमध्ये थेट टाका. कुठे नोंद करावी लागत नाही, पान रिफ्रेश केलं की मीडिया मॅनेजरमध्ये, म्हणजे डोकुविकीच्या फायलींच्या यादीत, फायली हजर.

म्हणजे हजर व्हायला हव्यात. पहिल्याच दिवशी मी एक अख्खं फोल्डर टाकलं आणि पडदाभर लाल पट्ट्या आल्या: हे फाइलनाव वैध नाही, वगळलं. एका फाइलला एक पट्टी! डोकुविकीला इंग्रजी नावं छोट्या (स्मॉल) अक्षरांत लागतात, मध्ये स्पेस चालत नाही. ब्राउझरमधून चढवलं की ते स्वतःच मोठी अक्षरं छोटी करतं आणि स्पेसच्या जागी अंडरस्कोर घालतं. थेट डिस्कवर टाकलेल्या फाइलला मात्र हे लाड नाहीत. मग विंडोजवर घाऊक नावं बदलणाऱ्या पॉवरटॉइजच्या पॉवररिनेमने सगळी नावं बदलली. चढवायला एक संध्याकाळ लागली होती, नावांत तीन आठवडे गेले.

त्यातला निम्मा वेळ मराठी नावांचा. आपल्याकडे याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं. डोकुविकी मूळ सेटिंगमध्ये असं नाव डिस्कवर लिहिताना प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं वापरतं, म्हणजे एका चिन्हाला ९ बाइट. लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट. भागाकार केला तर जेमतेम २८ चिन्हं मावतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘इंडक्शन भट्टीचं अस्तर बदलण्याची पद्धत’ हे काही अवाढव्य नाव नव्हे, पण त्यात ३३ चिन्हं होतात, म्हणजे अंडरस्कोर आणि एक्स्टेंशन न धरताच २९७ बाइट. कॉन्फिगरेशनमध्ये फाइलनावांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून घेतलं तर हेच नाव आरामात बसतं. मात्र हे पहिल्याच दिवशी ठरवा. मध्येच बदललं तर आधीच्या देवनागरी नावांच्या फायली डोकुविकीला सापडत नाहीत.

दुसरं प्रकरण ‘ऱ्या’चं. जुन्या फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या पाळीचा अहवाल’ या नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. अक्षर न् अक्षर तेच, मग विंडोजने एकाच फोल्डरमध्ये ठेवू कसं दिलं? कारण एकाच्या कीबोर्डवर ऱ हे एकच चिन्ह उमटत होतं, दुसऱ्याच्या कीबोर्डवर र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला आहे. हे कळल्यावर मी मराठी नावांचा हट्ट सोडला. फाइलचं नाव ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजनवरून, इंग्रजी छोट्या अक्षरांत. मराठी नाव पानावरच्या लिंकला. वाचणाऱ्याला मराठीच दिसतं.

आता माझी चूक. चौथ्या महिन्यात वाटलं, कास्टिंगचे फोटो ग्राहकवार लावावेत. फायली साध्याच आहेत, तर विनएससीपीने चारेकशे फोटो इकडून तिकडे ओढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या पानांवर फोटोंच्या जागी तुटक्या लिंका. बरोबरच आहे, पानात जुनाच पत्ता लिहिलेला, आणि मी डिस्कवर केलेली हलवाहलव पानांना कोण सांगणार? रोजचा बॅकअप होता म्हणून निभावलं. त्यानंतर मूव्ह नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घेतलं. ते फाइल किंवा अख्खी नेमस्पेस (डोकुविकीतलं फोल्डर) हलवतं आणि जिथे जिथे लिंक आहे ती पानंही सुधारतं. मोठं काम टप्प्याटप्प्याने करतं, मध्ये अडलं तर तिथून पुढे चालू करता येतं. मुळात हे प्लगइन म्हणून का, आतच का नाही, हे मला आजही पटलेलं नाही.

घाऊक डिलीट हे याचं सगळ्यात लंगडं अंग. मीडिया मॅनेजरमध्ये दहा फायलींवर टिक करून एकदम उडवायची सोय नाही, एकेक काढा. फाइल एखाद्या पानावर वापरात असेल तर काढू न देण्याचा पर्याय आहे, तो मात्र जरूर चालू ठेवा. आणि काढल्यावर डिस्क रिकामी होईल असं समजू नका. जुनी आवृत्ती अ‍ॅटिक फोल्डरमध्ये जाऊन बसते, म्हणजे माळ्यावर. दोन जीबीची दुबार स्कॅन काढली आणि मोकळी जागा तसूभर वाढली नाही, तेव्हा माळ्याचा शोध लागला.

परवानग्या चोख आहेत. नेमस्पेसवार वाचणं, लिहिणं, चढवणं, काढणं असे हक्क चढत्या पायऱ्यांनी देता येतात. पाळीच्या लोकांना चढवण्यापर्यंतच हक्क दिलेत. तरीही ते त्याच नावाची सुधारित फाइल चढवू शकतात, कारण जुनी आवृत्ती जपली जाते. ऑडिटरला जुनं रिव्हिजन तिथल्या तिथे दाखवलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

शोधाची सोय पानांपुरती. पीडीएफच्या आतला मजकूर मुळातल्या शोधात येत नाही. आम्ही प्रत्येक मॅन्युअलसाठी एक पान करून त्यात मशीनचं नाव, मॉडेल आणि वारंवार लागणाऱ्या भागांची नावं लिहिली. कंटाळवाणं काम, पण आता पाळीवरचा माणूस मोबाइलवर ‘थर्मोकपल’ टाकून पानापर्यंत पोचतो. तुमचं सगळं ज्ञान स्कॅन केलेल्या पीडीएफच्या पोटातच असेल आणि पानं लिहायला माणूस नसेल, तर हे घेऊ नका. लिहिणाऱ्यांपैकी एकाला तरी लिनक्सची भीती नसावी, हेही खरंच.

साडेसहा हजारांपैकी दोनेकशे फोटो अजून तसेच पडलेत. नाव म्हणजे मोबाइलने दिलेली तारीख आणि वेळ. कोणत्या पॅटर्नची कास्टिंग, काय दोष, काही पत्ता नाही. ती नुसती बघून ओळखणारे आमचे फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करायच्या विभागातले) मामा मागच्याच महिन्यात निवृत्त झाले. येत्या रविवारी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन चहाला जायचं ठरलंय.