दोन चौकटी, पाच नावे : हॉकीतील विस्मृत खेळाडूंपैकी कोणाची निवड करावी?

ठाण्यात नौपाडा परिसरातील एका शाळेने आपल्या क्रीडादालनाच्या भिंतीवर हॉकीपटूंसाठी चार चौकटी राखून ठेवल्या आहेत. त्यांपैकी दोन चौकटींबाबत समितीत दुमत नव्हते; एकीत मेजर ध्यानचंद आणि दुसरीत खडकीत वाढलेले, चार ऑलिंपिक स्पर्धा खेळलेले धनराज पिल्ले यांचे छायाचित्र लागेल. उरलेल्या दोन चौकटी ज्यांना कर्तृत्वाच्या मानाने कमी ओळखले जाते अशा खेळाडूंना द्याव्यात, असे ठरले आणि तिथून चर्चा अडली. शंकर लक्ष्मण, लिओ पिंटो, बाबू निमल, मर्व्हिन फर्नांडिस आणि एलायझा नेल्सन ही पाच नावे समितीपुढे आहेत. प्रस्तुत टिपण त्या निवडीसाठी असले, तरी शहरातील इतर शाळा किंवा क्रीडामंडळे असाच विचार करत असतील तर त्यांनाही ते उपयोगी पडावे.

प्रथम निकषांविषयी. टोरांटो येथील हॉकी हॉल ऑफ फेम हे बर्फावरील हॉकीचे असले, तरी त्याच्या नियमांपैकी तीन आपल्याला घेता येण्याजोगे आहेत. खेळाडूने निवृत्तीनंतर तीन हंगाम थांबावे लागते, निवड समितीची तीन चतुर्थांश मते मिळवावी लागतात, आणि महिला खेळाडूंच्या जागा पुरुषांपासून स्वतंत्र ठेवलेल्या असतात. या शेवटच्या नियमाचे महत्त्व असे, की २०१० पर्यंत त्या संस्थेत एकाही महिला खेळाडूचा समावेश झालेला नव्हता. शिवाय मतांची अट कडक असल्याने मोठी नावेही खोळंबतात : १९९२-९३ च्या एका हंगामात ७६ गोल करणारा अलेक्झांडर मोगिल्नी २००९ मध्ये पात्र ठरला आणि त्याची निवड झाली २०२५ मध्ये. साध्या बहुमताने घाईघाईत घेतलेल्या निर्णयापेक्षा अशी चालढकल मला परवडते.

दुसरा प्रश्न असा, की ज्यांना शासनाने पद्म पुरस्कार दिला त्यांना ‘दुर्लक्षित’ म्हणावे काय? लक्ष्मण यांना १९६७ मध्ये आणि नेल्सन यांना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे समितीतील काही सदस्यांनी ही दोन्ही नावे बाद करावीत असे सुचवले. हा आक्षेप मला पटत नाही. शासनाच्या यादीत नाव असणे आणि शाळेतल्या मुलाला ते नाव ठाऊक असणे यांत फार अंतर आहे. आपली भिंत दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

पाच नावांपैकी दोन गोलरक्षकांची आहेत आणि खरी चुरसही त्यांच्यातच आहे. लिओ पिंटो हे मुंबईच्या हॉकीतील जुने, आदराने घेतले जाणारे नाव आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या संघाने वेम्बली येथे अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४–० असे हरवले, तेव्हा गोलपोस्टमध्ये पिंटो उभे होते. कालपर्यंत ज्यांचे राज्य होते त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर एकही गोल न स्वीकारता मिळवलेल्या या विजयाचे मोल केवळ क्रीडेच्या मापाने करता येत नाही. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगावी लागेल. त्यांचा जन्म १९१४ चा, म्हणजे लंडनला ते चौतिशीत पोहोचले होते, आणि त्यापूर्वीच्या १९४० व १९४४ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धा महायुद्धामुळे झाल्याच नाहीत. पदकांची संख्या मोजताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

शंकर लक्ष्मण मुंबईचे नव्हेत. ते मध्य प्रदेशातील महू येथील. तथापि त्यांची लष्करातील नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीमध्ये झाली, आणि ठाण्यातल्या शाळेला एवढा धागा पुरेसा ठरावा. त्यांची कामगिरी पाहताना मात्र अशा धाग्यांची गरज उरत नाही. १९५६ ला मेलबर्न, १९६० ला रोम आणि १९६४ ला टोकियो असे सलग तीन ऑलिंपिक अंतिम सामने ते पाकिस्तानविरुद्ध खेळले. पहिला आणि तिसरा भारताने १–० असा जिंकला, मधला ०–१ असा गमावला. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत मिळून लक्ष्मण यांच्यावर एकच गोल झाला. मेलबर्नच्या संपूर्ण स्पर्धेत तर भारताने ३८ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही, अर्थात त्याचे श्रेय रंगनाथन फ्रान्सिस या दुसऱ्या गोलरक्षकालाही जाते. पुढे १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत लक्ष्मण संघाचे कर्णधार होते आणि तिथेही अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १–० हाच निकाल लागला.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. भारताने जिंकलेले हे तिन्ही अंतिम सामने एका गोलाने जिंकलेले आहेत, त्यामुळे गोलरक्षकाची एक चूक सुवर्णपदक हिरावून घेऊ शकत होती. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्यावर हेल्मेट नसे, आणि शॉर्ट कॉर्नरला अंगावर येणारा चेंडू तेव्हाही तितकाच टणक होता. टोकियोतील विजयी गोल मोहिंदर लाल यांनी केला हे निदान प्रश्नमंजुषेत तरी विचारले जाते. त्या सामन्यात पाकिस्तानला गोल का करता आला नाही, हे कोणी विचारत नाही. पदके दोन सुवर्ण आणि एक रौप्य, अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, आणि एवढे सगळे असूनही २००६ मध्ये गँगरीनने आजारी पडून महू येथे झालेला हलाखीतला मृत्यू, हा सारा तपशील एकत्र ठेवला की समितीला आणखी समजावण्याची आवश्यकता राहू नये. पिंटो यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही, एका अविस्मरणीय सामन्यापेक्षा दशकभराचे सातत्य मी वरचढ मानतो. केवळ मुंबईशी नाते हाच निकष असता, तर उत्तर अर्थातच उलटे आले असते.

बाबू निमल यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. बर्लिन येथे १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीला ८–१ असे नमवणाऱ्या संघात ते हाफबॅक होते. पाच सामन्यांत ३८ गोल करून केवळ एक स्वीकारणाऱ्या त्या संघाचा कोणताही खेळाडू सन्मानास पात्र आहे, यात शंका नाही. अडचण अशी, की या भिंतीवर ध्यानचंद आधीच आहेत आणि त्यांच्या चौकटीत बर्लिनची कथा येणारच आहे. निमल यांचे नाव त्याच मजकुरात ठळकपणे घ्यावे, स्वतंत्र चौकट देऊ नये, असे माझे मत आहे.

उरलेल्या दोन नावांची तुलना अधिक नाजूक आहे, कारण ती एकाच वर्षापासून सुरू होते. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता; पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया यांचे हॉकी संघ तिथे नव्हते. पुरुषांच्या स्पर्धेत सहाच संघ उतरले आणि भारताने अंतिम सामन्यात स्पेनला ४–३ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. मुंबईचे मर्व्हिन फर्नांडिस या संघात होते. त्यानंतर १९८४ आणि १९८८ या दोन ऑलिंपिक स्पर्धाही ते खेळले, ज्यांत भारत अनुक्रमे पाचवा आणि सहावा आला. कृत्रिम मैदानांनी खेळ बदलून टाकला आणि भारतीय संघ मागे पडत गेला, त्या कठीण काळात तीन ऑलिंपिक संघांमध्ये टिकून राहणे ही लहान गोष्ट नव्हे.

मॉस्कोतच महिलांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले. तिथेही सहा संघ होते आणि साखळी पद्धतीने सामने झाले. भारतीय महिलांनी सुवर्णविजेत्या झिंबाब्वेला १–१ असे बरोबरीत रोखले, आणि शेवटी पाच गुणांवर चौथ्या स्थानी राहिल्या; कांस्यपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघाचे सहा गुण होते. पुण्याच्या एलायझा नेल्सन या संघातील प्रमुख खेळाडूंपैकी एक. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला संघ चौथा आला तेव्हा देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मॉस्कोच्या चौथ्या क्रमांकाची मात्र तेव्हाही फारशी आठवण निघाली नाही. एकाच बहिष्काराने दोन्ही स्पर्धा दुबळ्या झाल्या हे मान्य केले, तर ती सूट पुरुषांच्या सुवर्णाला देऊन महिलांच्या चौथ्या क्रमांकाला नाकारणे न्यायाचे होणार नाही.

नेल्सन यांचा दावा खऱ्या अर्थाने भक्कम होतो तो १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेमुळे. त्या स्पर्धेतील पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७–१ असे हरवले आणि तो पराभव चार दशके चघळला गेला. त्याच दिल्लीत, त्याच स्पर्धेत, नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली महिला संघाने सुवर्णपदक जिंकले होते. आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचा तो पहिलाच समावेश होता, आणि त्यानंतर २०२३ च्या हांगचौ स्पर्धेपर्यंत भारतीय महिलांना ते सुवर्ण पुन्हा मिळवता आलेले नाही. पराभव सर्वांना तोंडपाठ आणि विजय जवळपास अज्ञात, असे दुसरे उदाहरण आपल्या हॉकीत मला तरी आढळत नाही. फर्नांडिस यांच्याकडे ऑलिंपिक सुवर्ण आहे, नेल्सन यांच्याकडे नाही, हा फरक मोठा आहे. पण कर्णधारपदाची जबाबदारी, पहिलेपणा आणि विस्मरणाची खोली या तिन्ही बाबतींत पारडे नेल्सन यांच्याकडे झुकते. चारपैकी एकही चौकट महिलेला नसलेली भिंत मुलींच्या वर्गांसमोर लावणे तसेही अवघड ठरले असते.

म्हणून शिफारस अशी, की तिसरी चौकट शंकर लक्ष्मण यांना आणि चौथी एलायझा नेल्सन यांना द्यावी. समितीचा आग्रह दोन्ही नावे मुंबई आणि परिसरातील असावीत असाच राहिला, तर लिओ पिंटो आणि मर्व्हिन फर्नांडिस हा पर्याय सन्मान्य आहे, आणि त्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. भविष्यात पाचवी चौकट निघाली, तर ती कोणताही नवा वाद न घालता पिंटो यांच्या नावे राखून ठेवावी. चौकटीखालील मजकुरात मात्र केवळ पदकांची यादी देऊ नये. लक्ष्मण यांच्या चित्राखाली तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांचे निकाल आणि नेल्सन यांच्या चित्राखाली दिल्लीतील १९८२ चे दोन्ही निकाल, पुरुषांचा आणि महिलांचा, शेजारी शेजारी छापावेत.