‘लंडनशी संलग्न’ डिप्लोमा, सांगलीतली फी

बेदाणा आणि हळदीमुळे सांगलीत निर्यातीचं वेड घरोघरी आहे, आणि त्या वेडावर जगणारेही आहेत. विश्रामबागेतल्या एका क्लासने ‘लंडनशी संलग्न’ म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचा डिप्लोमा काढला. फी बावीस हजार, शिवाय ‘एक्स्पोर्ट लायसन्स’चे आठ हजार. मी आणि माझ्या चुलतबहिणीने दोन्ही भरले.

ते लायसन्स म्हणजे आयईसी कोड, आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक. केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर पॅनवरून स्वतः काढता येतो, सरकारी फी ५०० रुपये. डिप्लोमा लागत नाही.

नोट्समध्ये इनकोटर्म्स, म्हणजे सौद्यात खर्च आणि जोखीम कुणाची हे ठरवणाऱ्या ठरावीक संज्ञा, तेरा होते, म्हणजे २००० सालचे. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने २०१० मध्येच ते अकरावर आणले. आता २०२० ची आवृत्ती चालते. जुनी झेरॉक्स म्हणून एक वेळ सोडलंही असतं. पण सीआयएफमध्ये, म्हणजे किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेल्या सौद्यात, दुबईला पोचेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, असं सर छातीठोक सांगत. बहिणीने हे मार्केट यार्डात एका अडत दुकानाच्या दिवाणजींना ऐकवलं, तर ते हसायलाच लागले. “ताई, भाडं आन् विमा आपला, पर न्हावा शेवाला माल बोटीवर चढला की जोखीम घेणाऱ्याची. मग विमा कुणासाठी उतरवतोय आपण?”

त्याहून भारी थाप व्हिएन्ना कराराची, म्हणजे देशादेशांमधल्या मालविक्रीच्या आंतरराष्ट्रीय कराराची. भारत १९८० च्या त्या करारात आहे, त्यामुळे पैसे बुडवणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला सांगलीच्या कोर्टात खेचता येतं म्हणे! मुळात भारत त्या करारात नाहीच. असता तरी दावा कुठल्या कोर्टात चालेल हे तो करार ठरवत नाही. ते सौद्याच्या कागदातच लिहून घ्यावं लागतं, कायदा कुठला लागू होणार तेही. भारतीय कायदा ठरला तर १९३० चा माल विक्री कायदा. सरांचं ऐकून कुणी उधारीवर कंटेनर सोडला असता तर?

लंडनच्या प्रमाणपत्रावर फक्त तिथल्या कंपनी नोंदणीचा क्रमांक आहे. कंपनी कुणीही नोंदवू शकतं. ती शिक्षणाची मान्यता नव्हे. भरण्याआधी विचारा: मान्यता कुणाची, आणि ती देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते का?

पावतीवर ‘मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’ असं छापलंय. आम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. क्लासला कुलूप आहे, आणि त्याच सरांच्या फोटोची जाहिरात आता कोल्हापूरच्या बॅचसाठी फिरतेय.