पॅसिफायर : जवळपास वर्षभर वापरल्यावर, आणि सोडवल्यावर

पॅसिफायर म्हणजे बाळाला शांत करायला तोंडात द्यायची चोखणी. आधी निकाल सांगून टाकतो. पहिले पाच-सहा महिने याच्याइतकी कामाची वस्तू घरात दुसरी नव्हती. नंतर मात्र ती आमच्याच डोक्यावर बसली. रात्रीची ड्युटी बहुतेक माझ्याकडे असायची, त्यामुळे खालच्या तक्रारी बापाच्या आहेत असं समजा.

आम्ही सिलिकॉनचा, अखंड साच्यातला घेतला होता. निपल, तबकडी आणि मागची कडी वेगवेगळी जोडलेले प्रकारही मिळतात, पण जोड सुटला तर तुकडा थेट घशात, म्हणून तो विचारच सोडला. तबकडी बाळाच्या तोंडापेक्षा रुंद हवी आणि तिला हवेसाठी भोकं हवीत. लॅटेक्सचा, म्हणजे नैसर्गिक रबराचा, मऊ असतो, पण लवकर चिकट होतो. सिलिकॉन टिकतं, दात येईपर्यंत. आमच्या लेकीचे खालचे दोन दात वर आले आणि निपलच्या मुळाशी बारीक चिरा दिसायला लागल्या. दर वेळी देण्याआधी निपल ओढून, उजेडात धरून बघायची सवय लावा. चीर दिसली की फेकायचा. उकळल्यावर आत पाणी अडकतं तेही पिळून काढावं लागतं. तबकडीखाली लाळ साचून हनुवटीवर लाल चट्टे उठतात, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

स्तनपान नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार आठवडे, द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यानंतर दिला आणि पोट भरलेलं असूनही होणारी संध्याकाळची रडारड अर्ध्यावर आली. लस टोचताना तोंडात असला की रडणं लवकर थांबायचं. घरातल्या मोठ्यांना तो डोळ्यांत खुपायचा, पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपवताना पॅसिफायर द्यावा असंच सुचवते, कारण त्याने झोपेतल्या अचानक अर्भकमृत्यूचा धोका कमी होतो असं दिसलंय. झोपेत पडला तर परत तोंडात घालायची गरज नाही, आणि झोपताना दोरी किंवा क्लिप लावायची नाही, हेही तिथलंच.

मग सोडवायचा कधी? इथे दहा जणांची दहा उत्तरं मिळतात, कारण प्रत्येकजण आपापल्या अवयवाचं बघतो. कानाचं बघणारे म्हणतात सहा महिन्यांनंतर कमी करत जा. दातांचं बघणारे म्हणतात दीड वर्षानंतर सावध राहा, आणि तीन वर्षांपुढे तर नकोच. पुढचे दात मिटेनासे होतात, वरचा जबडा अरुंद होऊन वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. एकेकाचं ऐकत बसलो तर गोंधळ होतो. मला ते एकत्र ठेवल्यावर उलगडलं. अचानक मृत्यूच्या बहुतेक घटना पहिल्या सहा महिन्यांत घडतात, म्हणजे त्या वयानंतर पॅसिफायरचा मोठा फायदा ओसरत जातो. नेमकं तेव्हाच कानाच्या संसर्गाचं पारडं जड व्हायला लागतं. सतत चोखल्याने मधला कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतला दाब बदलतो, नाका-घशातला स्राव मधल्या कानाकडे जायला वाट मिळते, असं डॉक्टरांनी समजावलं. बाळांची ती नळी आखूड आणि आडवी असते. म्हणजे सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही, हे उत्तर पुरेसं आहे. बाकी तारीख तुमच्या घराने ठरवायची.

आमची तारीख झोपेने ठरवली. लेकीला तो तोंडात असेल तरच झोप लागायची. गाढ झोपेत जबडा सैल पडला की तो पडायचा, आणि मधेच जाग आली की तो हवाच. मग मी अंधारात गादीवर हात फिरवतोय, सापडतोय तो उशीर झालेला, आणि ती पूर्ण जागी. तो तिला झोपवतोय की मला उठवतोय, एवढाच प्रश्न उरला. काही बाळं आठ-नऊ महिन्यांची होईपर्यंत स्वतः उचलून तोंडात घालायला शिकतात. तुमचं शिकलं असेल आणि कान ठणठणीत असतील तर वर्ष होईपर्यंत थांबलात तरी मला गैर वाटत नाही. आमची शिकली नाही.

सोडवण्याचं काम वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. आधी दिवसा बंद. पाळण्याबाहेर तो दिसणारच नाही असं केलं, आणि खरं सांगायचं तर दिवसा तो आम्हालाच जास्त हवा असायचा. जरा कुरकुर केली की दे तोंडात. मग दुपारची झोप, आणि शेवटी रात्र. पहिली रात्र वाईट गेली. पाठीवर हात ठेवून एकच सूर गुणगुणत बसलो. आठवडा संपायच्या आत ती विसरली. दात येतायत, ताप आहे, प्रवास आहे, अशा दिवसांत मात्र सुरुवात करू नका.

सल्ले खूप मिळाले. निपलचं टोक कापा म्हणजे चोखायला मजा येणार नाही, हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात धोक्याचा. कापलेल्या कडेपासून तुकडा सुटू शकतो. मधात बुडवून देणं तर वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाही, मधातून बोट्युलिझम हा जिवावर बेतू शकणारा विषबाधेचा आजार होऊ शकतो. मऊ खेळणं देऊन सवय बदला, हेही वर्षाच्या आत झोपताना नको.

ती अंगठा चोखायला लागेल ही भीती होती. थोडे दिवस चोखला, मग सुटला. तसं झालं नसतं तर कठीण होतं, अंगठा काही कपाटात ठेवता येत नाही.

पुन्हा घेईन का? घेईन, पण दोनच, आणि सहावा महिना लागला की नवा आणणार नाही. जुने जपून ठेवू नका, कुणाला देऊही नका. आमचे सगळे कचऱ्यात गेले.