सव्वादोन लाखांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधलं सव्वा किलो तांबं

परभणीत नव्या मोंढ्याजवळ माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी सोडवायच्या, जुनं तांबं काढायचं, नवी वायर भरायची, हेच दिवसभर चालतं. हाय-एंड ऑडिओवर बोलणारा तू कोण, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर सोपं आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधली बहुतेक वेळा सगळ्यात जड वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मर मला कळतो. शाळेत असताना ४४४० आयसीचे बोर्ड भरून गल्लीतल्या गणपतीला वाजवले, पुढं ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावून मंडळांचे सेट केले. कान त्यात थोडे गेले असतील, पण हात शाबूत आहेत.

वसमत रोडला एक डॉक्टर राहतात. त्यांनी लॉकडाउनच्या जरा आधी, २०२० च्या जानेवारीत, १ लाख ४० हजारांना परदेशी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घेतला. चॅनलला ८० वॅट, क्लास एबी म्हणजे नेहमीच्या पद्धतीचा, आत डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी चिप. कंपनीचं नाव लिहीत नाही. आज तेच मशीन, पुढची पट्टी बदलून आणि नावाला एक अक्षर जास्त जोडून, २ लाख २५ हजारांना मिळतंय. डॉक्टरांना नवं घ्यायचा मोह होता, कारण जुनं रात्री गुणगुणायला लागलं होतं. सर्व्हिस सेंटरनं फोनवरच सांगितलं की ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, मुंबईला पाठवा, ३८ हजार होतील. खोलून बघायच्या आधीच! मग डॉक्टर माझ्याकडं आले. म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही एकदा बघा, मग ठरवू."

खोललं. आधी चांगलं सांगतो. सोल्डरिंग बघून हात जोडावेसे वाटले. अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणलेल्या, उष्णता बाहेर टाकणारे हीटसिंक भरगच्च, कपॅसिटर नावाजलेल्या जपानी कंपनीचे, वायरी मापात कापून बांधलेल्या. आमच्याकडचे सेट आतून उकिरड्यासारखे असतात, मी बनवलेले धरून. असं काम करणाऱ्याला पगार चांगला द्यावाच लागतो आणि तो किमतीत येणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ट्रान्सफॉर्मर गोल, म्हणजे टोरॉइड, साधारण साडेतीन किलोचा. दुकानात दुपारी लावला तर चूप. मीटर २२८ व्होल्ट दाखवत होता. मग रात्री अकराला डॉक्टरांच्या घरी गेलो. तिथं २५६! आमच्याकडं हे नवं नाही. दिवसा ताण असतो, रात्री लोड पडला की व्होल्टेज चढतं. चढलेल्या व्होल्टेजला कोअर, म्हणजे आतला पत्र्याचा गाभा, सॅच्युरेट होतो, त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि टोरॉइडला हवेची फट नसल्यामुळं तो लवकर गुरगुरतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर खराब नव्हता, २३० ला अगदी चापून बनवलेला होता. अर्धा किलो पत्रा जास्त घातला असता तर हे झालं नसतं. इतक्या किमतीच्या वस्तूत तेवढाच पत्रा कामून वाचवला, हे मला अजून समजलं नाही. साडेतीन हजारांचा स्टॅबिलायझर बसवला. आता कान लावला तरच ऐकू येतं.

त्याच रात्री डॉक्टरांनी विचारलं, भाव वाढले ते खरंच माल महागल्यामुळं का? मी कागद घेतला. लंडनच्या बाजारात तांबं मार्च २०२० मध्ये टनाला ५ हजार डॉलरच्या खाली होतं, मे २०२४ मध्ये ते ११ हजारांना शिवलं. मला इनॅमल वायर तेव्हा किलोला सहाशेच्या आत पडायची, आता अकराशे मोजतो. शेतकरी मोटारीचं बिल बघून माझ्यावरच ओरडतो. पण या टोरॉइडमध्ये तांबं सव्वा किलोच्या वर नाही. म्हणजे वाढ झाली सातशे रुपयांची. तांबं महागलं म्हणून अ‍ॅम्प्लिफायर महागला, हे मला तरी कुणी सांगू नये.

डॉलरचं मात्र खरं आहे. मशीन घेतलं तेव्हा तो ७१ रुपयांच्या घरात होता, २०२५ मध्ये ८८ च्या वर गेला. नुसत्या त्या हिशोबानं १ लाख ४० हजारांचे पावणेदोन लाख होतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओका इथला एकेएम या कंपनीचा चिप कारखाना जळाला. ज्यांच्या मशीनमध्ये त्यांच्या डॅक चिप होत्या त्यांना बोर्ड नव्यानं आखावे लागले. २०२१ मध्ये कंटेनरची भाडीही आभाळाला भिडली होती. या सगळ्याला, पगारवाढीला, मिळून आणखी वीस हजार धरा. तरीही तीस हजार उरतात. ते त्या पुढच्या पट्टीचे आणि वाढलेल्या अक्षराचे. भाडी नंतर उतरली, किंमत उतरली नाही.

आता आवाज. डॉक्टरांकडं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ आयसीवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा एक क्लास डी, म्हणजे झटपट चालू-बंद होत चालणारा आणि कमी तापणारा, अ‍ॅम्प्लिफायर होता. अडॅप्टर धरून बारा हजारांचा. म्हणलं, लावून बघू. दोन्हींवर ४०० हर्ट्झचा टोन सोडून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटरनं दोन-दोन व्होल्ट जुळवून घेतले. हे केल्याशिवाय तुलना करूच नये. जरा मोठा वाजणारा नेहमीच भारी वाटतो, आणि शोरूमवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं. मधी चादर बांधली, माझा पोऱ्या मागं बसून तारा बदलत होता. भजन लावलं, पखवाज, टाळ, वीणा, पेटी. डॉक्टरांनी बारापैकी सात वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. त्यांची आई खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "पेटी तर तशीच वाजायली. मधी मधी बंद कामून करता?"

१९८५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हरनं असाच घोळ घातला होता. 'स्टीरिओफाइल' या ऑडिओच्या मासिकाच्या संपादकांच्या पसंतीचा महागडा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, त्याचं आउटपुट आपल्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमधून वजा करत करत दोन्ही जुळवले. संपादकांना शेवटी फरक सांगता आला नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. आधीचे छोटे बुकशेल्फ स्पीकर काढून मोठे, चार ओहमचे उभे स्पीकर जोडले आणि आवाज वाढवला. पखवाजाच्या 'धा'ला डब्याच्या अडॅप्टरनं मान टाकली. दोनदा. मोठ्या मशीनला काहीच झालं नाही, थाप छातीवर येत राहिली. साडेतीन किलोचा ट्रान्सफॉर्मर आणि ते कपॅसिटर इथं कामाला येतात. मोठा हॉल, जड स्पीकर, आणि शेजारी ऐकून घेणारे असतील तर पैसा वाया जात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तो नुसता पडून राहतो. डॉक्टरांच्या हॉलला शहाबादी फरशी आहे, आवाज घुमत होता. मी दोन वाकळी खाली अंथरायला लावल्या. त्यानं पडलेला फरक आजींनाही कळला.

डॉक्टरांचे लातूरचे मित्र क्लास ए घ्यायचं म्हणतात. त्यांना एवढंच सांगितलं की ३० वॅटचा क्लास ए गाणं बंद असतानाही दोनशे वॅटच्या आसपास ओढत बसतो आणि त्याची सगळी उष्णता खोलीत सोडतो. त्यात हीटसिंक जड असतात म्हणून पैसे लागतात, ते कबूल. पण मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ ला गेल्यावर भजन ऐकायचं का एसीची घरघर, हे आधी ठरवा.

माझं मत विचाराल तर १ लाख ४० ला हे मशीन रास्त होतं, पावणेदोन-दोनलाही हरकत नव्हती. सव्वादोनला नाही. जुनं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, आतला बोर्ड नव्याच्या फोटोशी ताडून बघितला, मला तर फरक दिसला नाही. आणि आपल्या भागात घेणार असाल तर आधी रात्री अकराला घरचं व्होल्टेज मोजा.

दुकानदारानं डॉक्टरांना जुनं परत देऊन नवं घ्यायची ऑफर दिली होती, जुन्याचे ४५ हजार धरून. मी म्हणलं, "साहेब, पंचेचाळीसला देणारच असाल तर मला द्या, रोख देतो." तेव्हापासून डॉक्टर विकायचं नाव काढत नाहीत.