सांगलीत गेमिंग पीसी ट्यून करून घ्यायचा असंल तर: विश्रामबागच्या दुकानाचा रिव्ह्यू

विश्रामबागला विलिंग्डन कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर छोटं रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथले दादा गेमिंग पीसीचं सेटिंग करून देतात. नाव टाकत नाही कारण त्यांनीच सांगितलंय की गर्दी झाली की हातातलं काम बिघडतं, पण त्या बाजूच्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा, बरोबर नेऊन सोडंल.

माझा पीसी म्हणजे आय५ १२४०० एफ, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर, खेळतो मुख्य काउंटर स्ट्राइक २ आणि अधनंमधनं व्हॅलोरंट, दोन्ही ऑनलाइन गोळीबाराचे गेम (शूटर). स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार होतात त्याचा) आकडा १९० दाखवायचा पण साइटवर (गेममधल्या बॉम्ब लावायच्या जागेवर) दोनचार स्मोक (धुराचे बॉम्ब) पडले आणि समोरनं तिघं आले की माउस चिखलात रुतल्यासारखा व्हायचा, आणि नेमकी तीच वेळ गोळी लागायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा ग्राफिक कार्ड बदल. दादांनी पहिलाच प्रश्न वेगळा विचारला, "एफपीएस राहू दे, अडकतंय कधी ते सांग." तिथंच मला बरं वाटलं.

मग त्यांनी स्टीम या गेमच्या ॲपच्या वर्कशॉपवरचा बेंचमार्क मॅप (गेमचा वेग मोजायचा मॅप) चालवला आणि कागदावर दोन आकडे लिहिले, सरासरी १९० आणि पी१ ६८. हा पी१ म्हणजे सगळ्यात खराब एक टक्का फ्रेम कुठपर्यंत खाली जातात ते, आणि माझ्या मते शूटर खेळणाऱ्यानं सरासरीच्या आधी हाच बघावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर दर ६.९ मिलिसेकंदाला नवीन चित्र मागतो आणि ६८ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला जवळपास १५ मिलिसेकंद, म्हणजे जुनंच चित्र दोनदा-तीनदा दिसतं, तेवढ्यात समोरचा कोपऱ्यातनं बाहेर येऊन उभा पण राहिलेला असतो. सरासरीत हे सगळं लपतं. मला तर वाटतं १४० वर गप थांबलेला पीसी हा २५० आणि ७० च्या मधे उड्या मारणाऱ्या पीसीपेक्षा खेळायला कधीही चांगला.

कारण निघालं रॅमचं. जिथनं पीसी असेंबल झाला तिथं १६ ची एकच स्टिक टाकून दिलेली, वर लेबल ३२०० चं पण चालत होती २६६६ वर, कारण बायोसमधे (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम लेबलवरच्या वेगानं चालवायचं सेटिंग, चालूच केलेलं नव्हतं. १०८० पी वर लो सेटिंगला असले गेम कार्डाला फार त्रास देत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि त्याला एकाच स्टिकमुळं डेटा एकाच चॅनलमधनं (रॅमकडनं येणाऱ्या रस्त्यानं) मिळत असंल तर गर्दीच्या वेळी तो वाट बघत बसतो. दादांनी ती स्टिक घेऊन ८-८ च्या दोन दिल्या, वर फरकाचे पैसे घेतले. प्रोसेसरपासनं दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे बसवल्या (शेजारी-शेजारी बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर येतात, हे चार स्लॉटवाल्यांनी ध्यानात ठेवा), एक्सएमपी चालू केलं आणि परत तोच मॅप. सरासरी २३८, पी१ १०४. कार्ड तेच, केबल तीच.

नंतर गेममधे रिफ्लेक्स (क्लिक आणि स्क्रीनमधला उशीर कमी करणारं सेटिंग) चालू, ग्राफिक कार्डाच्या एनव्हिडिया पॅनलमधे जी-सिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारं) आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं), मग फ्रेम आपोआप १३८ च्या आसपास थांबतात आणि चित्र फाटत नाही. मित्र म्हणले व्ही-सिंकनं लॅग (हात हलवल्यावर दिसायला उशीर) येतो, ते खरंय, पण नुसतं व्ही-सिंक लावलं तर. इथं फ्रेम मॉनिटरच्या वेगाच्या खालीच अडवलेल्या असतात त्यामुळं फ्रेमची रांगच लागत नाही. दादांनी दोन्ही प्रकारे खेळायला बसवलं आणि म्हणाले तुझ्या हाताला कुठलं बरं वाटतंय ते तूच सांग. मला अडवलेलंच बरं वाटलं, ट्रॅकिंगला (हलत्या शत्रूवर नेम धरून ठेवायला) लय फरक पडला.

शेजारी मिरजेचा एक पोरगा बसलेला, त्याचा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतल्यापासनं विंडोजमधे ६० वरच होता. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमधे जाऊन बदलून दिलं, एक रुपया घेतला नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते दादा काय करत नाहीत ते. एफपीएस बूस्टर, रजिस्ट्रीच्या फायली, कापून हलकं केलेलं विंडोज, यातलं काहीच टाकत नाहीत. व्हॅलोरंटच्या व्हॅनगार्डला (चिटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅमला) विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग लागतात, त्यात कुणी हात घातला तर गेमच उघडत नाही. आणि ऑक्टोबर २०२३ मधे तर ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या खुद्द एएमडीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस चालू केलं म्हणून काउंटर स्ट्राइक २ मधे लोक बॅन झालेले, कारण ते गेमच्या फायलीतल्या कोडमधे शिरत होतं, शेवटी एएमडीला तो ड्रायव्हर मागं घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं झालं तर कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरच्या फायलीचा काय भरवसा.

साफसफाई पण चार्जमधेच आहे. आमचं घर मार्केट यार्डाजवळ, पंखा उघडला तर पात्यांवर हळदीचा पिवळा थर. सांगलीच्या एप्रिल-मेमधे असा पंखा घेऊन खेळलं तर प्रोसेसर तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि मग सेटिंग कितीही करा, अर्ध्या तासानं परत अडकणारच. प्रोसेसरवरची उष्णता ओढणारी पेस्ट नवीन लावली, आता लांबलेल्या मॅचमधे पण शेवटपर्यंत सारखं चालतंय.

आता कमी काय ते. नेटचं काम ते करत नाहीत, घरी येतच नाहीत. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत त्यामुळं पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन यायच्या वेळेचा) आकडा आपल्याकडं बरा दिसतो, पण संध्याकाळी घरातले टीव्हीवर काही लावून बसले की पिंग उसळतो आणि शत्रू टेलिपोर्ट झाल्यासारखे दिसतात, त्याला पीसीचं कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही. लॅन केबल ओढ आणि राउटरमधे क्यूओएस (कुठल्या कामाला नेट आधी द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) असंल तर चालू कर एवढं तोंडी सांगितलं, तेवढ्यानं बराच फरक पडला, पण जादा पैसे घेऊन का होईना घरी येऊन करून द्यायला पाहिजे असं माझं मत. दुसरं, काय काय बदललं ते बिलावर लिहीत नाहीत. बायोस अपडेट किंवा रिसेट झालं की एक्सएमपी परत बंद होतं, म्हणून स्क्रीनचे फोटो स्वतः काढून ठेवा.

चार्ज ७०० रुपये, रॅमचा फरक वेगळा, आणि पीसी रात्रभर ठेवून घेतात. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. जाताना मॉनिटर आणि त्याची स्वतःची केबल पण न्या, जुन्या एचडीएमआय केबलवर काही मॉनिटरना १४४ चा पर्यायच येत नाही. बेंचमार्क तुमच्याच स्टीम अकाउंटवर चालवतात तर स्टीम गार्डसाठी (लॉगिनची खात्री फोनवर होते) फोन जवळ ठेवा आणि पासवर्ड स्वतःच टाका.