निकॉन एफएम२: आठ महिने आणि चौदा रोल

दहा वर्षं डिजिटलवर काढल्यावर हा जुना फिल्मचा कॅमेरा घेतला. १९८२ साली आलेला, पूर्ण यांत्रिक. सेल लागतात ते फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. ते संपले तरी शटर १/४००० सेकंदापर्यंत चालतं.

पहिले दोन रोल वाया गेले, आणि दोष माझ्या सवयीचा. डिजिटलवर मी कायम एक स्टॉप अंडर, म्हणजे निम्माच उजेड, ठेवायचो. तिथे ते योग्यच. आकाश एकदा पांढरंफटक झालं की त्यातून काही परत मिळत नाही, सावली मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतून, उपसता येते. निगेटिव्हचं नेमकं उलटं. मेणवलीच्या वाड्यात ट्राय-एक्स ४०० या कोडॅकच्या फिल्मवर ओसरी टिपली होती. रोल धुऊन आला तर सावलीच्या जागी निगेटिव्ह काचेसारखी साफ! फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं; ती चांदीच उरली नाही तिथे स्कॅनर काय दाखवणार, कपाळ? तेव्हापासून ४०० च्या रोलला फिल्मच्या वेगाची डायल २०० वर ठेवतो, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो. आकाश थोडं जास्त झालं तरी ही फिल्म ते पोटात घेते.

मीटर म्हणजे आत तीन लाल दिवे: अधिक, शून्य, उणे. शून्य पेटलं म्हणजे फोटो बरोबर, असं नाही. समोर काहीही असो, मीटर त्याला मध्यम करडंच समजतो. मेणवलीच्याच कृष्णेच्या घाटाचा काळा दगड शून्यावर घेतला तर राखेसारखा येतो, आणि चौकटभर पांढरी धोतरं वाळत असली तर तीही मळकी करडी. दगडाला एक स्टॉप कमी, धोतरांना दीड जास्त, हे आता बोटांना कळतं.

रात्री वेगळीच गंमत. फोनवरचा मीटर १० सेकंद म्हणाला, तर कोडॅकच्या तक्त्याप्रमाणे ट्राय-एक्सला ५० द्यावे लागतात, कारण मंद उजेडात फिल्म सुस्तावते. सेन्सरला हा त्रास नाही.

तक्रारी? फिल्म पुढे सरकवायची लिव्हर बाहेर ओढल्याशिवाय शटर दबत नाही, आणि मी डाव्या डोळ्याने बघणारा, त्यामुळे लिव्हर थेट कपाळात. एकदा रोल स्पूलला, म्हणजे फिल्म गुंडाळणाऱ्या रिळाला, धरलाच नव्हता. ३६ फोटो हवेत काढले. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चावी फिरते का, एवढं बघायचं होतं.

जुना घेणार असाल तर मागचं झाकण उघडून कडेचा उजेड अडवणारा फोम बोटाने चाचपा. चिकट लागला तर बदलून घ्या. माझ्या चौथ्या रोलवर त्याच फटीतून आलेला केशरी पट्टा आहे.